वरचे आठ दात

मांजरी, पुणे
बुधवार, दि. ४ फेब्रुवारी २०२६

प्रिय सलीमास,
सप्रेम नमस्कार, तक्रार विशेष.

काल, मंगळवार दि. ३ फेब्रुवारी रोजी, सकाळी अकरा वाजून वीस मिनिटांनी माझ्या मुलाने माझ्या डोळ्यांदेखत माझे वरचे आठ दात सही करून देऊन टाकले. वेळ नक्की आहे. खुर्चीसमोर भिंतीवर घड्याळ होतं आणि मला दुसरीकडे बघायची सोय नव्हती.

साईने मला दात साफ करायला म्हणून नेलं. हडपसरच्या रस्त्यावरचा दवाखाना आहे. नाव लिहीत नाही, त्यांची जाहिरात माझ्या पोस्टेजवर कशाला. आत गेलं की आधी कॉफी देतात आणि मग कॉफीने दात किती पिवळे झालेत ते सांगतात. मला आडवं केलं, ओठ मागे ओढून धरणारी प्लॅस्टिकची चौकट तोंडात बसवली आणि थुंकी ओढणारी नळी कोपऱ्यात अडकवली. दात साफ झाले, तिथवर तक्रार नाही. मग तिशीतले डॉक्टर माझ्या डोक्यावरून साईशी बोलायला लागले. वरचे आठ दात चारी बाजूंनी घासून बारीक खुंट करायचे, त्यावर पांढऱ्याशुभ्र कॅप बसवायच्या, की आजी पंधरा वर्षांनी तरुण. एका दाताचा कोपरा तुटलाय, मध्ये फट आहे, एक दात काळसर पडलाय, बाकीच्यांवर चहाचे डाग आहेत, हे मला मान्य. चाळीस वर्षं मी त्यांच्याकडे बघितलं नाही, हेही मान्य. पण आठच्या आठ माझे आहेत आणि एकही हलत नाही. हेच मी सांगायला गेले. तोंडातून जे काही निघालं ते नळीने ओढून घेतलं. डॉक्टरांनी काचेची पाटी पुढे केली, साईने तिच्यावर बोटाने सही केली. रुग्णाच्या वतीने, नातं मुलगा.

एकतीस वर्षं मी नोंदणी कार्यालयात लोकांच्या सह्या तपासल्या. धडधाकट, शुद्धीवर असलेली बाई तीन फुटांवर आडवी असताना तिच्या वतीने केलेली सही आमच्या शिपायानेसुद्धा परत पाठवली असती. घासण्याची तारीख २४, मंगळवार, सकाळी साडेदहा.

फोन का केला नाही असं तू विचारशील. मला आता स्पीकर लावल्याशिवाय ऐकू येत नाही आणि स्पीकर लावला की अख्खं घर ऐकतं. शिवाय शाळेत मराठी बोललं की सिस्टर दंड करायच्या, म्हणून आपण वहीच्या मागच्या पानावर मराठीत लिहायला लागलो. खरं काही सांगायचं असलं की माझा हात अजून कागदाकडेच जातो.

उठून तुझ्याकडे आले असते, पण दाराला जे नवं कुलूप आहे ते अंगठा ओळखून उघडतं आणि माझा अंगठा त्याला ओळखता येत नाही. वयाने रेषा झिजतात म्हणे. म्हणजे मला बाहेर पडता येतं, आत येता येत नाही. आकडे दाबूनही उघडतं, ते आकडे साईने मला दिलेही होते. मी विसरेन म्हणून दाराबाहेर रीतसर पाटी लावली: या कुलपास येथील ज्येष्ठ रहिवाशाचा अंगठा ओळखता येत नाही, सबब क्रमांक पुढीलप्रमाणे, चोरांनी गैरफायदा घेऊ नये. चूक माझीच. नम्रताने, म्हणजे सूनबाईंनी, ती संध्याकाळी काढली. साईने आकडे बदलले आणि माझ्या सुरक्षिततेसाठी मला सांगितले नाहीत. तेव्हापासून दोघं कामाला गेली की मी अकराव्या मजल्यावर दहा तास. समोर ऊस होता तिथे आता आमच्यासारख्याच आणखी सहा इमारती उभ्या राहतायत. त्या मोजून झाल्या.

स्वयंपाकाच्या कांताबाई हे पत्र पेटीत टाकतील. त्यांना सगळं सांगितलं तर म्हणाल्या, आजी, दात हाय तवर हाय, घासला की घासला. दवाखान्यातल्या कोणी एवढंही सांगितलं नव्हतं.

तुझी भाची जोया याच विषयातली. तिला विचारून लगेच कळव. लोभ आहेच, वाढवायचं आपलं वय नाही, आहे तेवढा टिकव.

तुझी,
प्रेमला

*

येरवडा, पुणे
सोमवार, दि. ९ फेब्रुवारी २०२६

प्रिय प्रेमा,
सलाम, नमस्कार, आणि तब्येतीची चौकशी.

तुझी तक्रार आज पोचली, पाच दिवसांनी. तू चालत निघाली असतीस तर वाटेत दोनदा चहा घेऊनही आधी आली असतीस. घड्याळातली मिनिटं लक्षात ठेवणारी आई समोर असताना साईने सही केली म्हणजे पोरगं शूर आहे, हे पहिल्यांदा मान्य कर.

पत्र घेऊन तशीच नारायण पेठेत जोयाच्या दवाखान्यात गेले आणि दोन पेशंटच्या मधल्या वेळात तिला वाचून दाखवलं. दाराबाहेरच्या पाटीच्या मजकुरावर ती एवढी हसली की बाहेरचे पेशंट डोकावले. मग गंभीर झाली. म्हणाली, फुप्पी, घासलेला दात परत उगवत नाही. वरचं कठीण कवच गेलं की त्या दाताला जन्मभर कॅप घालावी लागते, आणि कॅपही दहा-पंधरा वर्षांनी बदलावी लागते. तुझं जे वर्णन आहे त्यावर ती आधी डाग उजळायला काही आठवडे जेल देईल. मग तुटलेला कोपरा आणि फट दाताच्या रंगाच्या लेपाने भरेल. तो लेप निळ्या दिव्याखाली कडक होतो. त्यात घासणं जवळजवळ नाहीच. काळसर दाताचा एक्स-रे काढायला हवा, आतली नस मेली असेल. पण ती खोटं बोलणारी मुलगी नाही. म्हणाली, हा लेप काही वर्षांनी मळतो, कडेला टवका उडतो, डागडुजी करत राहावी लागते. कॅप जास्त चकचकीत दिसतात. तुझा तो डॉक्टर चोर आहे असं मी म्हणणार नाही, असंही म्हणाली.

माझं तुला माहीत आहे. साठीला सिराज म्हणाला, अम्मी, एकदाच सगळे काढून टाक, कटकट संपेल. मी हो म्हणाले. कटकट संपली, भाकरीचा पापुद्राही संपला. पुढच्या आठवड्यात रोजे सुरू होतील आणि मी रोजा सोडायला खजूर भिजत घालीन. सिराजला काही बोलत नाही. त्याने माझं भलंच केलं, असं त्याला अजून वाटतं.

आता मी दोन गोष्टी विचारते, रागावलीस तरी विचारते. आठवीत नेटबॉलच्या खांबावर तुझं तोंड आपटलं, तेव्हापासून तू रुमालाआडच हसतेस. छप्पन वर्षं झाली. तुला ते दात नीट करून हवेत की नकोत? नको असतील तर भांडण सोपं आहे. हवे असतील तर भांडण वेगळं आहे. आणि दुसरं, साईला मी अंगाखांद्यावर खेळवलंय. तो न विचारता सही करील हे मला पटत नाही. त्या खुर्चीत तू खरंच काहीच केलं नाहीस?

रविवारी, १५ तारखेला, जोया आणि मी मांजरीला येतोय. साई-नम्रता तिच्या माहेरी जाणार असं तूच मागे म्हणाली होतीस. तुला कुठे यायचं नाही, फक्त आतून दार उघडायचंय. तेवढं ते कुलूप करू देतं ना?

माया असू दे. जिभेची धार रविवारपर्यंत जपून वापर, म्हणजे आम्हांला शिल्लक राहील.

तुझी,
सलीमा

*

मांजरी, पुणे
सोमवार, दि. १६ फेब्रुवारी २०२६

प्रिय सलीमास,
सप्रेम नमस्कार. काल भेटलो तरी आज लिहिते, कारण जे झालं ते तुम्ही गेल्यावर झालं.

जोयाने काल माझ्या दातांवर लेप बसवताना सांगितलं होतं की तो न चिकटवता नुसता बसवलाय, दिसतं कसं ते कळावं म्हणून, आणि तासाभराने नखाने काढून टाकला तरी चालेल. मी काढला नाही. तुमची रिक्षा दिसेनाशी झाल्यावर नम्रताच्या आरशासमोर जाऊन बसले. आधी तोंड मिटून, मग उघडून. मग मोठ्याने बोलून पाहिलं. इंग्रजीतून शाळेची प्रार्थना म्हटली, वाण्याची यादी वाचली, कांताबाईंना उद्या काय करायचं ते सांगितलं, त्या नसताना. कोणी नसताना हसलेसुद्धा. हात वर गेला तो मी दुसऱ्या हाताने खाली धरला. दोन तास हा पोरकटपणा केला आणि तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. मला दात नीट करून हवे आहेत. आठवीपासून हवे होते. पण हेच हवेत, यांचे खुंट करून त्यांच्या जागी बसवलेले दुसरे कोणाचे नकोत.

सात वाजता दोघं आली. मी ताटं घेतली. साईने पहिला घास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि घास तोंडात तसाच ठेवून बघतच राहिला. म्हणाला, आई, तू किती छान दिसतेस. मी जोयाची पद्धत सांगायला लागले. मुद्देसूद सांगत होते. कवच, जेल, लेप, दिवा. पोळी खात खात सांगत होते, इथेच चुकले. मधल्या फटीतला लेप सुटला आणि माझ्या ताटात वरणात पडला.

साई फक्त एवढंच म्हणाला, बघ.

तो पडायसाठीच बसवला होता हे मी चार वेळा सांगितलं. तोंडात पुन्हा फट घेऊन चार वेळा सांगितलेलं कोणाला पटतं? तो म्हणाला, दोन तासांत पडलं, आणि हे तुला कायमचं करायचंय. मी म्हटलं, तुझी सही रद्द कर. त्यावर तो शांतपणे म्हणाला की सही त्याची असली तरी होकार माझा होता.

आता तुझा दुसरा प्रश्न. पहिल्या पत्रात मी तो भाग लिहिला नाही. सही करण्याआधी साई खुर्चीजवळ खाली वाकला होता. त्याने माझा हात हातात घेतला, म्हणाला, आई, करूया ना? आणि मी मान हलवली. होकाराची. कोणी धरून हलवली नाही, सलू. बारा दिवस मी स्वतःला सांगत होते की नळी टोचली म्हणून हलली. नळी टोचत नव्हती.

नम्रताने मान वर करून विचारलं की हे आईंनाच हवंय असं आपल्याला सांगितलं होतं, तर मग हे काय चाललंय. मी साईला सांगितलं, मला तुझं म्हणणं कागदावर दे. ताटावरून उठलेले शब्द मला पकडता येत नाहीत.

आठ दिवस उरले. दिवसभर घरात बसून जीभ त्या आठ दातांवरून फिरत असते, मागून पुढे, पुढून मागे. गोष्टीतल्या कैद्यांना निदान भिंतीवर रेघा मारता येतात.

रोज्यांत तब्येत सांभाळ, औषधाच्या वेळा सिराजला लिहून दे. आठवण ठेव, तेवढं पुरे.

तुझी,
प्रेमला

*

घरून
बुधवार, दि. १८ फेब्रुवारी

ती. आईस,
सा. न. वि. वि. असंच लिहितात ना? पत्र मी शेवटचं दहावीच्या मराठीच्या पेपरात लिहिलं होतं, पाच मार्कांचं. चुका काढू नकोस. म्हणजे काढशीलच. चहाच्या कपाखाली ठेवून ऑफिसला जातोय.

तू म्हणालीस कागदावर दे, म्हणून देतो. मी आठवीत होतो तेव्हा मला तारा लावल्या. बाबांनी त्यासाठी कारखान्यात ओव्हरटाइम केला, मला आठवतंय. डॉक्टर तेव्हा तुझ्याकडे बघून म्हणाले होते की मॅडम, तुमचेही करून घ्या, आणि तू म्हणालीस पुढच्या वर्षी. आई, एकोणतीस वर्षं झाली त्या पुढच्या वर्षाला. माझ्या लग्नाचा अल्बम परवा उघडला. एकशे चाळीस फोटो आहेत. तुझ्या तोंडापुढे हात, रुमाल, नाहीतर पदर. आमच्याकडे नवीन जॉइन झालेली पोरं म्हणतात, सर, तुमची स्माइल एकदम भारी आहे. प्रत्येक वेळी मला वाटतं की मी तुझे दात लावून फिरतोय.

म्हणून मला बेस्ट करायचं होतं. जोया चांगली डॉक्टर असेल, पण लेप म्हणजे जुगाड. तू आयुष्यभर स्वतःसाठी जुगाडच केलास. आता नको. वरणात पडलेलं तू पाहिलंस.

आणि मी तुला विचारलं होतं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि तू मान हलवलीस. तुला नको असतं तर तू मला थांबवलं असतंस. कोथिंबिरीत दोन पिवळी पानं निघाली म्हणून तू भाजीवाल्याला परत बोलावतेस. रिक्षावाला, बँकवाला, माझा बॉस, तू कोणाला घाबरलीस सांग. मग मलाच घाबरशील?

२४ ची रजा टाकली आहे. मी पूर्ण वेळ शेजारी बसेन. कुलपाचे आकडे विचारले होतेस. तू पुन्हा पाटी लावशील अशी भीती वाटते, खरंच. नम्रता म्हणते ते दिले पाहिजेत. बघू.

रागावू नकोस.

तुझा,
साई

*

मांजरी, पुणे
शुक्रवार, दि. २० फेब्रुवारी २०२६

चि. साईस,
अनेक उत्तम आशीर्वाद. ते या पत्राच्या उत्तरावर अवलंबून नाहीत. बाकी सगळं आहे.

तुझं दि. १८ चं पत्र कपाखाली मिळालं. चुका सात आहेत, त्या काढत नाही. पत्र चांगलं आहे. मी ते चार वेळा वाचलं आणि कांताबाईंनी विचारलं तेव्हा डोळ्यांत कांदा गेला असं सांगितलं. त्या दिवशी दुधी होता.

आधी तुझ्या तारांचं. तुझ्या बाबांनी ओव्हरटाइम केला हे खरं. पुढचं खरं तुला माहीत नाही. पुढच्या वर्षी पैसे होते. त्याच्या पुढच्या वर्षीही होते. हे मला म्हणायचे की चल, आणि मी म्हणायचे, आत्ताच साईच्या तारा झाल्या, राहू दे. मला त्या खुर्चीची भीती वाटायची. आडवं पडून तोंड उघडून दुसऱ्याच्या स्वाधीन व्हायचं, आणि बोलायचं नाही. तुझ्या तारा म्हणजे मला मिळालेलं सोयीचं कारण होतं. ते मी एकोणतीस वर्षं वापरलं, आणि तू ते स्वतःच्या डोक्यावर घेऊन फिरतोस हे मला परवापर्यंत कळलं नाही. तेव्हा ते खाली ठेव. तुझ्या तोंडात आहेत ते तुझेच दात आहेत.

आता मान हलवल्याचं. हलवली. नाकारत नाही.

मला कधी घाबरलीस का असं तू विचारलंस. त्याचं उत्तर द्यायचं तर तुला कचेरीतली एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी ह्यांनाही सांगितली नव्हती. २००३ साली मुक्ताई नावाची बाई आमच्या कार्यालयात आली, इथलीच, मांजरीची. उसाची जमीन दोन मुलांच्या नावे बक्षीस करून द्यायची होती. खरं तर ते विचारायचं काम साहेबांचं, पण साहेब सह्यांत गुंतलेले असायचे, म्हणून कागद पुढे जायच्या आधी मी विचारायचे: वाचून दाखवलं का, समजलं का, खुशीने देताय का. मुलं तिच्या मागे उभी होती. वाईट मुलं नव्हती. एकाने तिला बाहेर रसवंतीतून रस आणून दिला होता, दुसरा तिची पिशवी धरून होता. मी विचारलं, खुशीने देताय का? तिने मान हलवली. पण हलवताना ती मुलांकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मला ते दिसलं. तिला एकटीला बाजूला घेऊन पुन्हा विचारता आलं असतं, ते माझ्या हातात होतं. रांग दारापर्यंत गेली होती. मी तिचा अंगठा धरून शाईवर टेकवला, कागदावर उठवला आणि शेजारी लिहिलं, खुशीने. तशा किती जणींच्या माना मी होकार म्हणून लिहून घेतल्या, त्याची नोंद कुठल्याही पुस्तकात नाही.

मान का हलते ते मला तीन तारखेला त्या खुर्चीत कळलं. मुलगा वाईट असला तर बाई नाही म्हणू शकते. मला तर आनंदाने म्हणता आलं असतं, तू म्हणतोस तशी कोथिंबिरीवरून सराव आहे. मुलगा चांगला असतो, रजा टाकून आलेला असतो, हात धरून विचारतो, आणि त्याच्या घरात आपण राहत असतो, म्हणून मान हलते. भाजीवाल्याच्या घरात मी राहत नाही.

तुला जुगाड नको हे समजलं. जोया जे करते ते जुगाड नाही. ती आहे ते ठेवून, लागेल तेवढंच भरते. त्याला दर काही वर्षांनी डागडुजी लागेल, आणि ती करून घ्यायला मी स्वतःच्या पायांनी जाईन. चकचकीत दिसणार नाहीत, माझे दिसतील. एकोणसत्तराव्या वर्षी मला एकवीस वर्षांच्या मुलीचे दात लावून बँकेत जायचं नाही, तिथे सही जुळते का बघतात.

सोमवारी, २३ तारखेला, अकरा वाजता नारायण पेठेत जोयाकडे माझी वेळ आहे. काळसर दाताचा एक्स-रे आहे. तू आलास तर मला बरं वाटेल. बाहेर बस, आत बसायचं नाही. नाही आलास तर मी दार ओढून घेईन आणि रिक्षा करीन, मग संध्याकाळी तुम्ही येईपर्यंत जिन्यात बसेन किंवा सलीमाकडे राहीन, ते आकडे मिळतात की नाही यावर आहे. पाटी लावणार नाही. हे शब्द जपून ठेव, पुन्हा मिळणार नाहीत.

त्या दवाखान्याला तू लिहायचं आहेस की सही तुझी होती, रुग्णाची संमती नाही आणि २४ ची वेळ रद्द करावी. मी लिहू शकते, पण मी लिहिलं तर ते तुलाच फोन करून विचारतील की आजींचं काय करायचं.

हे सगळं तोंडाने सांगता आलं असतं. दोन दारांपलीकडे तू झोपतोस. पण मला माझ्या मानेचा आता भरवसा नाही. मंगळवारी सकाळी तू गाडीची किल्ली घेऊन माझ्यासमोर उभा राहिलास तर मी चपला घालीन. खुर्चीत हात धरून विचारलंस तर पुन्हा तेच होईल, हे मला आत्ता इथे बसून दिसतंय. म्हणून माझं तोंड मिटलेलं आहे, तोंडात काहीही अडकवलेलं नाही आणि मागे कोणी उभं नाही, अशा वेळी हे लिहून ठेवते: नाही.

याची पोच आणि वर लिहिलेल्या सगळ्या मुद्द्यांचं उत्तर मला कागदावर, तुझ्या सहीने, रविवार, दि. २२ फेब्रुवारी, संध्याकाळी सहाच्या आत मिळावं. टेबलावर ठेवलंस तरी चालेल. मी घरीच आहे.

तुझी आई,
प्रेमला बापूराव गावंडे